४जी राउटरवरील घरचे कॅमेरे बाहेरगावाहून कसे पाहावेत?

प्रश्न

राजापूर तालुक्यातील आमच्या घरी आईवडील दोघेच असतात आणि मी नोकरीनिमित्त पुण्यात राहतो. अंगण, फाटक आणि मागील पडवी दिसेल अशा बेताने चार कॅमेरे व एक एनव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे यंत्र) बसवून घेतला आहे. घरच्या वायफायवर चित्र व्यवस्थित दिसते, पण पुण्यातून काहीच दिसत नाही. वाडीत फायबर पोहोचलेले नसल्यामुळे सिमकार्डचा ४जी राउटर वापरतो. कॅमेरे बसवणाऱ्यांच्या सांगण्यावरून ८० आणि ५५४ ही पोर्ट फॉरवर्ड केली (म्हणजे त्या क्रमांकांवर बाहेरून येणारी जोडणी राउटरने एनव्हीआरकडे पाठवावी अशी सोय केली), डायनॅमिक डीएनएसही (बदलत्या पत्त्याला कायमचे नाव देणारी सेवा) घेतले, तरी उपयोग झाला नाही. राउटरच्या पानावर वॅनचा (इंटरनेटच्या बाजूचा) पत्ता १००.७२ ने सुरू होतो, तर आयपी दाखवणारी संकेतस्थळे निराळाच पत्ता दाखवतात. यातून मार्ग कोणता?

प्रतिसाद १

तुम्ही दिलेल्या पत्त्यातच कारण आहे. १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हे पत्ते २०१२ साली सेवादात्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवण्यात आले. एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवण्याच्या या पद्धतीला सीजीनॅट म्हणतात. बाहेरून आलेली जोडणी कंपनीच्या यंत्रणेपाशीच थांबते, तुमच्या राउटरपर्यंत येतच नाही, त्यामुळे तिथे कितीही पोर्ट उघडली तरी फरक पडणार नाही. डायनॅमिक डीएनएसही त्याच सामायिक पत्त्याकडे बोट दाखवत राहील. ती दोन्ही फॉरवर्डिंग आजच काढून टाका.

प्रतिसाद २

सार्वजनिक पत्ता मिळाला असता तरी मी पोर्ट उघडू नका असेच कळकळीने सांगितले असते. २०१६ मध्ये मिराई या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले असंख्य कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले आणि त्यांच्याच जोरावर मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडली. इथे तर तुमच्या आईवडिलांचे अंगण दिसणार आहे.

सोपा मार्ग म्हणजे एनव्हीआर कंपनीच्या ॲपमधील पी२पी सुविधा, कारण त्यात एनव्हीआर स्वतःच बाहेर जोडणी करतो. मात्र पासवर्ड बदलणे, फर्मवेअर (यंत्रातील मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत ठेवणे आणि खात्याला द्विस्तरीय पडताळणी लावणे आवश्यक आहे. मला अधिक विश्वासाचा वाटतो तो व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून जाणारा कूटबद्ध खासगी मार्ग. घरी एक रास्पबेरी पाय (छोटासा संगणक, पुढे नुसते ‘पाय’) ठेवून त्यावर टेलस्केल ही व्हीपीएन सेवा सबनेट राउटर म्हणून (घरच्या इतर उपकरणांपर्यंत वाट देणारी) चालवली, तर सीजीनॅट असूनही जोडणी होते. पुण्यात तुमच्याकडे सार्वजनिक पत्त्याचे फायबर असेल, तर वायरगार्ड या व्हीपीएन प्रणालीचा सर्व्हर पुण्यात ठेवा, गावच्या पायने तिकडे जोडणी करावी आणि त्याच्या बाजूला पर्सिस्टंट कीपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारा, ठरावीक वेळाने जाणारा संदेश) २५ सेकंद ठेवावा, म्हणजे मार्ग बंद पडत नाही.

प्रतिसाद ३

डेटाचा हिशेब आधी करा. सतत १ एमबीपीएसने चित्र पाठवले तर दिवसाला १०.८ जीबी लागतात, म्हणून चित्रण एनव्हीआरच्या हार्डडिस्कवरच होऊ द्या आणि मोबाइलवर सबस्ट्रीम (कॅमेऱ्याचे कमी डेटा लागणारे दुय्यम चित्र) पाहा. चारही कॅमेऱ्यांचे मुख्य चित्रण प्रत्येकी २ एमबीपीएस धरले, तर १ टीबीच्या डिस्कवर साधारण अकरा दिवस मावतात.

पावसाळ्यात वीज वारंवार जाते, तेव्हा राउटर, पाय, एनव्हीआर आणि कॅमेरे हे सगळेच इन्व्हर्टरवर घ्या. एकट्या राउटरला वीज असून भागणार नाही. शिवाय रात्री इन्फ्रारेडच्या उजेडाला किडे येतात, त्यांच्यामागे कोळी येतो, आणि काचेपुढचे एक जाळे वाऱ्याने हलले की रात्रभर हालचालीचे इशारे येत राहतात. पडवीतील कॅमेऱ्याची काच अधूनमधून मऊ कापडाने पुसायला आईवडिलांना जरूर सांगा. त्यांच्या संमतीशिवाय ध्वनिमुद्रण मात्र सुरू ठेवू नका.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. फॉरवर्डिंग काढले आहे. पुण्यातील फायबरचा वॅन पत्ता आणि बाहेर दिसणारा पत्ता एकच आहे, तेव्हा वायरगार्ड करावे असे ठरवतो आहे. दोन्ही घरांचे राउटर १९२.१६८.१.१ वर आहेत, त्याने काही अडेल का?

प्रतिसाद २

नक्की अडेल, कारण १९२.१६८.१ मधला एनव्हीआर गावचा की पुण्याचा हे तुमच्या फोनला ठरवता येणार नाही. गावचे नेटवर्क १९२.१६८.५० वर न्या, एनव्हीआरला आणि पायला त्यातले स्थिर पत्ते द्या, आणि पायवर आयपी फॉरवर्डिंग (एका नेटवर्कची माहिती दुसऱ्याकडे पुढे पाठवण्याची सोय) सुरू करा. हा बदल गावी प्रत्यक्ष असतानाच करा, म्हणजे जोडणी तुटली तरी राउटर हाताशी असेल. पुण्याच्या राउटरवर फक्त वायरगार्डचे यूडीपी ५१८२० हे पोर्ट उघडावे लागेल. योग्य किल्ली नसलेल्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे तेवढे उघडण्यास माझी हरकत नाही.