तात्याना नावका: पदकाने मोठी की पडद्याने?

गारवेल:
रशियन आइस डान्स, म्हणजे स्केट घालून बर्फावर जोडीने करायचा नाच, म्हटलं की आधी नावकाचं नाव निघतं, ते मला पटत नाही. रोमान कोस्तोमारोवसोबत २००६ चं तुरिन ऑलिंपिक सुवर्ण, २००४ आणि २००५ ची जागतिक विजेतेपदं, हे मान्यच. पण पाखोमोवा-गोर्शकोव या सोव्हिएत जोडीची जागतिक विजेतेपदं सहा, शिवाय १९७६ चं आइस डान्समधलं पहिलंवहिलं ऑलिंपिक सुवर्णही त्यांचंच. रशियाची ग्रिशुक-प्लातोव जोडी १९९४ आणि १९९८, लागोपाठ दोनदा ऑलिंपिक जिंकली. नावका घरोघरी पोचली ती २००६ मध्येच मरात बशारोव या नटाला बर्फावर नाचवून टीव्हीवरची स्पर्धा जिंकल्यामुळे. पुढे २०१५ मध्ये क्रेमलिनचे प्रवक्ते पेस्कोव यांच्याशी लग्न. पदक निमित्तमात्र!

उलटतपासणी:
निमित्तमात्र? तुरिनची मधली फेरी बघा एकदा. पहिल्या फेरीनंतर आघाडीवर असलेली इटलीची फुसार-पोली-मार्गालिओ जोडी घरच्या प्रेक्षकांसमोर आपटली. कॅनडाची द्युब्रुई अशी पडली की त्या जोडीला माघारच घ्यावी लागली. ज्या प्रकारात मोठ्या उड्या नाहीत, जोडीदारणीला डोक्यावर उचलणं नाही, सगळा खेळ पात्याच्या कडांचा, तिथे ही पडझड! नावका-कोस्तोमारोव उभे राहिले.

आणि बाई काही आयत्या बिळात आलेल्या नाहीत. १९९८ ला नागानोत बेलारूसकडून सोळाव्या, २००२ ला रशियाकडून दहाव्या. मधे २००० मध्ये मुलगी झाली. सोनं मिळालं तेव्हा वय तीस.

गारवेल:
म्हणजे बाकीचे पडले म्हणून जिंकल्या, असंच ना?

उलटतपासणी:
न पडण्याचेच गुण असतात हो.

तिरपीटोपी:
दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट सुटते आहे. टीव्हीनं दिलं तसं नेलंही. २०१६ मध्ये त्याच पठडीतल्या शोमध्ये नावका नाझी छळछावणीतले पट्ट्यांचे कपडे घालून आणि ज्यूंना सक्तीने लावावा लागे तो पिवळा तारा छातीवर लावून नाचली. नाच एका गाजलेल्या चित्रपटावर बेतलेला होता, हेतू ज्यूंची आठवण जागवण्याचा होता म्हणे, पण जगभरातून टीका झाली. मला तो नाच बघवला नाही. २०२२ मध्ये अमेरिका आणि युरोपीय संघाचे निर्बंध आले, ते मात्र लग्नाच्या खाती.

पण लग्नामुळे लोकप्रियता, हे कोस्तोमारोवला कसं लावणार? तोही त्याच शोमुळे घराघरात गेला. जानेवारी २०२३ च्या आजारपणात त्याची दोन्ही पावलं आणि बोटं कापावी लागली, तेव्हा रशियाभर लोक त्याच्या तब्येतीच्या बातमीकडे डोळे लावून होते. त्याच वर्षी तो कृत्रिम पावलांवर पुन्हा बर्फावर उतरला. त्याने लग्न केलं ते कोणा प्रवक्त्याच्या घरात नाही, आइस डान्सर दोम्निनाशी.

गारवेल:
कोस्तोमारोवचा मुद्दा बिनतोड. लग्नाचं वाक्य मागे घेतो. पण मग दोन सुवर्णं घेऊनही ग्रिशुक-प्लातोव मागे का?

उलटतपासणी:
त्यांच्या भरात असा शोच नव्हता.

गारवेल:
अहो, मग मी पहिल्यापासून काय सांगतोय?