‘पेरिश’: मरणे, नासणे की जाणे?

मूळ मत
अनुवाद करताना इंग्रजी ‘पेरिश’ (perish) दिसला की मराठीत डोळे झाकून ‘नष्ट होणे’ लिहिलं जातं. हा शब्द मुळात जाण्याचा आहे. लॅटिन ‘पेरीरे’ म्हणजे ‘पेर’ (पुरतं) आणि ‘ईरे’ (जाणे). जुन्या फ्रेंचमधून तो तेराव्या शतकात इंग्रजीत आला. शेवटचा ‘इश’ फ्रेंच रूपांतल्या ‘इस्स’चा, ‘फिनिश’, ‘पनिश’मध्ये आहे तोच. आपणही ‘आजोबा गेले’ म्हणतो, ‘बल्ब गेला’ म्हणतो. आपलं ‘प्रेत’ म्हणजे तोच शब्द. मग ‘जाणे’ का नको?

प्रतिसाद १
‘प्रेत’बद्दल असहमत. धातू एकच, ‘इ’ (जाणे), हे खरं. पण ‘प्रेत’मध्ये ‘प्र’ आहे आणि लॅटिन ‘पेर’चा संस्कृत जोडीदार ‘परि’. परि + इत = परीत, म्हणजे वेढलेला; मेलेला नव्हे. एकाच धातूवरून दोन भाषांनी आपापले शब्द घडवले.

प्रतिसाद २
व्युत्पत्ती धरून अनुवाद केलात तर फसाल. ब्रिटिश इंग्रजीत ‘रबर पेरिश झालं’ हे रोजचं वाक्य आहे. नैसर्गिक रबराच्या रेणूंतले दुहेरी बंध हवेतला ओझोन तोडतो. रबर ताणलेलं असेल तर ताणाच्या काटकोनात बारीक चिरा पडतात. ऊन आणि उष्णता लागली की ते कडक तरी पडतं, नाहीतर चिकट होतं. दुरुस्तीच्या पुस्तिकेत रबरी रिंगेबद्दल ‘रिंग गेली’ लिहिलंत तर वाचणारा काय तपासणार? ‘रिंग कडक पडून चिरली आहे’ लिहा, म्हणजे तो ती वाकवून चिरा बघेल. ‘पेरिशेबल’ला ‘नाशवंत’ ठीक आहे, पण क्रियापद वस्तूप्रमाणे बदलतं: दूध नासतं, वरण विटतं, भाजी सडते, लाकूड कुजतं. एवढी श्रीमंती हाताशी असताना एकाच शब्दावर का भागवायचं?

मूळ मत मांडणारा
‘प्र’ची दुरुस्ती मान्य, रबराचीही. पण रोमन लोकांचीच बोली बघा. प्राचीन रोमन नाटककार प्लॉटसच्या ‘ऑलुलारिया’ नाटकात सोन्याचं मडकं चोरीला गेलेला कंजूष ओरडतो, ‘पेरीई! इंटेरीई!’ दोन्हींत तोच ‘ईरे’. मरत कोणीच नाही. ‘गेलो! बुडालो!’ याहून नेमकं मराठी मला तरी सुचत नाही.

प्रतिसाद ३
नाटकात शोभेल. पण तुमच्या पहिल्याच उदाहरणाला माझा विरोध आहे. ‘आजोबा गेले’ हे ‘पेरिश’ नव्हेच. म्हातारपणी अंथरुणात आलेल्या मरणाला इंग्रजीत सहसा हा शब्द लावत नाहीत. आग, पूर, जहाज फुटणं, उपासमार, हिमवादळ अशा घाल्यात माणसं ‘पेरिश’ होतात. तिथे ‘आगीत तिघांचा बळी’, ‘जहाजासह बुडाले’, ‘भुकेनं तडफडून मेले’ असं कारण क्रियापदात आलंच पाहिजे. ‘गेले’ हा मायेचा शब्द आहे, त्यात तो घाला उतरत नाही. आणि एखादा इंग्रज दारात उभा राहून ‘आय ॲम पेरिश्ड’ म्हणाला, तर तो थंडीनं काकडलाय. त्याला आत घेऊन चहा द्यायचा.