शुगर निघालीय, पण आई म्हणते "घरात दिवसभर चालतेच की"

वाईकर: आई ५८ वर्षांची, गावी असते. सहा महिन्यांपूर्वी शुगर निघाली. गोळ्या सुरू आहेत, शिवाय रोज अर्धा तास चालायला सांगितलंय. ती म्हणते, "पहाटे पाचपासून उभीच असते, आणखी कुठं चालू?" एकटी बाई रिकाम्या हाताने रस्त्याला लागली की लोक विचारतात, त्याचाही संकोच. घरकाम व्यायामात धरायचं का? मी पुण्यात. फोनवर रोज भांडण होतं.

स्टाफ नर्स: ग्रामीण रुग्णालयात बीपी-शुगरची ओपीडी अकरा वर्षं बघतेय. आईचं वाक्य रोज ऐकते आणि त्या खोटं बोलत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलंय: मोठ्या माणसांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम करावेत. त्यात घरची, शेतातली कामंही धरतात. फक्त श्वास वाढला पाहिजे. जोर लावून फरशी पुसणं, कळशी वाहणं चालेल. गॅसपुढे उभं राहून भाकऱ्या थापल्याने पाय भरून येतात, पण ते यात बसत नाही.

हे तोंडी पटत नाही. मी केसपेपर बाजूला ठेवते आणि बाईला घेऊन व्हरांड्यात फेऱ्या मारते. चालताना विचारते, भरल्या वांग्यात काय काय घालता? बोलता येतंय, पण ओवी गाता येणार नाही, इतपत दम लागला की सांगते, "हाच वेग." मागे एक मावशी दुसऱ्या फेरीत थांबल्या. "सिस्टर, घरात मी अशी कधी चालतच नाही." खाली बघते तर चपलेचा अंगठा तुटलेला, सेफ्टी पिन लावलेली. शुगरमध्ये पायाची जखम कळतही नाही. तेव्हापासून आधी पाय आणि चप्पल बघते, मग चालायचं सांगते.

अर्धा तास सलगच चालायला हवं असं नाही. तिन्ही वेळच्या खाण्यानंतर १० मिनिटं, आठवड्यात ५ दिवस, दीडशे भरले. शिवाय दोन दिवस ताकदीचा व्यायाम: हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठ-बस. गुडघे दुखत असतील तर उंच खुर्ची घ्या. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबायचं आणि दवाखाना गाठायचा.

आणि फोनवर "किती चाललीस?" विचारू नका. "आज कोण होतं सोबत?" विचारा.

कऱ्हाडची सून: सासूबाईंचंही असंच. शेजारच्या काकूंसोबत संध्याकाळी मारुतीच्या देवळापर्यंत जायला लागल्या. देवळात चाललेल्या बाईला कोणी काही विचारत नाही.

वाईकर: सिस्टर, काल व्हिडिओ कॉलवर चप्पल दाखवायला सांगितली. तळ घासून गुळगुळीत झालाय. शनिवारी नवीन घेऊन जाते आणि शाळेच्या मैदानावर तुमच्यासारखी फेरी मारते. गोळीवर ग्लिमेपिराइड लिहिलंय, त्याने काही अडचण?

स्टाफ नर्स: ती गोळी शुगर खाली आणते, त्यामुळे उपाशीपोटी चालायला नेऊ नका. कनवटीला साखरेची पुडी असू दे. घाम फुटला, हात थरथरले तर लगेच खायची. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना चालणं सुरू केल्याचं आठवणीने सांगा.