दाट म्हंजे घन का? आणि स्थायू कशाला?

शेंगाचटणी: सातवीतल्या पोराचा अभ्यास घेतीय, पदार्थांचे गुणधर्म आणि अवस्था. प्रश्न होता, तेलाची घनता पाण्यापेक्षा जास्त की कमी? पोरगं म्हणतंय जास्त, का तर तेल दाट असतं. आता त्याचं मराठी चुकलं असं कसं म्हणायचं, गोडेतेल पाण्यापेक्षा दाट आहेच की, पण आमटीवर कट तरंगतोय म्हंजे घनता कमी. मग दाट आणि घनता ह्यातला फरक सांगायचा कसा? आणि पुस्तकात ते स्थायू कशाला, शेजारच्या तेलुगू मीडियमच्या पोरी तर सरळ घन म्हणतात.

चाटीगल्ली: ओ ताई, दाट हा शब्दच दोन कामं करतोय. दाट वस्ती, दाट केस, दाट विणीची चादर, इथं थोड्या जागेत किती माल बसवलाय ते बोलतो आपण, एका इंचात किती धागे वगैरे. हा अर्थ घनतेच्या जवळ जातो. पण दाट वरण, दाट ताक म्हटलं की ते किती सावकाश वाहतंय एवढंच सांगायचं असतं. त्याला शास्त्रात विष्यंदिता म्हणतात, पोराला आत्ताच सांगू नका, पुस्तक मिटून पळंल. घनता म्हंजे वस्तुमान भागिले आकारमान, बास. एक घन सेंमी पाणी १ ग्रॅम, तेवढंच शेंगातेल साधारण ०.९२ ग्रॅम. मध १.४ च्या आसपास, तो दाट पण आणि जड पण, तिथंच पोरं फसतात. पारा दाखवा म्हटलं असतं (खराखुरा नको, विषारी असतोय), घनता १३.६ आणि वाहतो कसा तर सुळकन.

मागवाला: पारा कशाला, आपल्या सायझिंगमधली (विणायच्या आधी सुताला लावतात ती) खळ घ्या की. स्टार्च पाण्यात कालवलं की आधी पातळच असतं, मग तापवलं की ते दाणे पाणी पिऊन फुगतात आणि खळ अशी दाट होती की ढवळताना हात दुखतोय. माल तोच, पाणी तेच, लिटरमागं वजनात फरक जवळपास काहीच नाही. घरात कॉर्नफ्लोअरवर पण होतंय, करून बघा.

शेंगाचटणी: हे भारी आहे. आणि स्थायूचं?

चाटीगल्ली: स्थायू स्था वरनं आलाय, राहणे, म्हंजे ज्याचा आकार आहे तसा राहतो तो. तेलुगू आणि कन्नड दोन्हीकडं घनच चालतं, त्यामुळं सोलापुरात हा प्रश्न पडणारच. पण मराठीत घनला आधीच लई कामं लावलीत, घन सेंमी आला, घनमूळ आलं, घनफळ आलं, परत घनता. त्यात घन पदार्थ पण घुसवला की एकाच गणितात घन तीनदा येणार आणि तिन्हीचे अर्थ वेगळे. मला तर स्थायूच बरा वाटतोय. बाकी कन्नडात वायूला अनिल म्हणतात, वर्गात अनिल असला की झालंच!

गड्डायात्री: मग घट्ट दही स्थायू का द्रव?

मागवाला: तुम्ही आता विषय वाढवू नका. प्रथिनांची जाळी असती त्यात, ती पाणी धरून ठेवती, सरळ एका खान्यात बसत नाही ते. पेपरात आलंच तर दगड, पाणी, हवा लिहायला सांगा.