एडीएचडी: "मेंदू उशिरा तयार होतो" असं शाळेत सांगावं का?

धागाकर्ती: मुलगा अकरा वर्षांचा, एडीएचडीचं (लक्ष टिकवणं आणि चुळबुळ आवरणं अवघड जातं ती अवस्था) निदान झालेलं. गणिताला बसला की वहीत 'प्र. १' लिहितो आणि पुढची वीस मिनिटं कंपासपेटीचं झाकण उघड-बंद, उघड-बंद. बाई म्हणतात, "आळशी आहे." फार लागलं ते.

मेंदूच्या भागांना जोडणाऱ्या तारा म्हणजे श्वेतद्रव्य. त्यांवर मायलिनचं वेष्टण चढतं तसा निरोप लवकर पोचतो. कपाळामागच्या भागात हे काम सगळ्यांत शेवटी, अगदी विशीतही चालू असतं. २००७ मध्ये फिलिप शॉ यांच्या गटाने अमेरिकेत एडीएचडी असलेल्या २२३ आणि नसलेल्या २२३ मुलांचे स्कॅन पाहिले. मेंदूच्या बाह्यपटलाच्या, म्हणजे बाहेरच्या थराच्या, निम्म्या भागाने कमाल जाडी गाठली ती एडीएचडी नसलेल्यांत साडेसातव्या वर्षी, असलेल्यांत साडेदहाव्या. क्रम साधारण तोच, उशीर तेवढा तीन वर्षांचा. पालकसभेत हे सांगायलाच हवं!

एमआरआय तंत्रज्ञ: ताई, कळकळ पोचली, पण तो अभ्यास बाह्यपटलाचा, तारांचा नाही. तारा पाहतात डीटीआयने, म्हणजे मेंदूतलं पाणी त्यांच्या लांबीच्या दिशेने किती पसरतं ते मोजून. मूल आत जरा हललं की आकडा बिघडतो, आणि एडीएचडीची मुलं जास्त हलतात. २०१८ च्या एका आढाव्यात, ज्या अभ्यासांत दोन्ही गट सारखेच हलले होते, त्यांतल्या बहुतेकांत तारांमध्ये फरक सापडला नव्हता. शिवाय हे सगळे सरासरीचे आकडे. एका मुलाचा स्कॅन काढून एडीएचडी ठरत नाही. बाराव्या वर्षाआधीपासूनची आणि घरी-शाळेत दोन्हीकडे दिसणारी लक्षणं बघूनच डॉक्टर निदान करतात.

चौतिसाव्या वर्षी निदान झालेली: माझा विरोध 'उशीर' या शब्दालाच आहे. माझ्या घरी "मोठी झाली की होईल नीट" म्हणत सगळे थांबले. मी मोठी झाले, नोकऱ्या सुटत गेल्या, विजेची बिलं भरायची राहत गेली. उशीर म्हटलं की लोक वाट बघत बसतात, मदत करत नाहीत.

धागाकर्ती: तारांबद्दल घाई केली, मान्य. आणि तुमचं वाचून घशाशी आवंढा आला. वाट बघत मी बसलेली नाही. औषध चालू आहे. काल शेजारी बसून एकेक गणित कागदाने झाकून दिलं, चार सुटली. पण बाईंना 'उशीर' हेच सांगणार. 'आळशी' पुसायला दुसरा शब्द मला अजून मिळालेला नाही.

चौतिसाव्या वर्षी निदान झालेली: मग लगेच पुढे "म्हणून आत्ता मदत हवी" एवढं जोडा. माझ्यासाठी ते कुणी बोललं नव्हतं.