शाहू स्टेडियमवर पोलीस वाढवून वातावरण सुधारणार नाही, तालमींनीच गॅलरी हातात घ्यावी

पेठेतला_प्रेक्षक

फुटबॉलचा सीझन सुरू झाला की कोल्हापुरात दोन विषय असतात, एक म्हणजे कुठल्या टीमनं कुठला परदेशी प्लेअर आणला आणि दुसरा म्हणजे परवाच्या मॅचला गॅलरीत कुणाची कुणाबरोबर वाजली. हा दुसरा विषय आता पहिल्याला खाऊन टाकायला लागलाय आणि ते मनाला लागतं. या गावानं अनिकेत जाधवसारखा पोरगा 2017 च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपला दिला, निखिल कदम कोलकात्याच्या मोहन बागानला खेळला, आणि पेपरात आपली बातमी काय तर हुल्लडबाजी, दगडफेक, लाठीमार.

माझं म्हणणं असं की पोलीस वाढवून हे सुटणार नाही. पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार, प्रॅक्टिस, फुलेवाडी, कुठलीही टीम घ्या, तिच्या मागं एक तालीम नाहीतर मंडळ उभं आहे आणि मंडळामागं अख्खी गल्ली. पोलिसाला गर्दीत नुसता चेहरा दिसतो, पण तालमीतल्या थोरल्या माणसाला ते पोरगं कुणाचं, कुठं कामाला जातं, कुणाचं ऐकतं हे सगळं माहीत असतं. मग प्रत्येक टीमला ठरलेली गॅलरी द्या, तिथं तालमीचीच माणसं उभी करा, हलगी आणा, ढोल आणा, झेंडे आणा, कुणी अडवू नका. पण बाटली आत पडली किंवा समोरच्याच्या आईबहिणीवर घोषणा सुरू झाली तर त्या टीमचा लीगमधला पॉइंट कापा. पैशाचा दंड कुणीतरी भरून टाकतं आणि विषय मिटतो, पॉइंट गेला की अख्खी पेठ त्या पोराला जाब विचारेल.

लाइनच्या_बाहेर

भावना चांगली आहे पण पटलं नाही. ज्या थोरल्यांवर तुम्ही जबाबदारी टाकताय त्यांना पेठेतच राहायचंय, ते कुणाच्या पोराचं नाव पुढं करणार? तालमीत सगळे एकमेकांना सांभाळून घेतात, तीच तर तालमीची ताकद आहे. त्यामुळं हे काम बाहेरच्यानंच करायला पाहिजे. गेटवर तपासणी, कॅमेरे, तिकिटावर नाव, आणि ज्यानं दगड मारला त्याला थेट मैदानबंदी. इंग्लंडमध्ये कोर्टाचा आदेश निघाला की तो माणूस काही वर्षं मॅचला पाय ठेवू शकत नाही. एकाच्या करणीची शिक्षा अख्ख्या टीमला देणं मला तरी अन्याय वाटतो, अकरा पोरं सहा महिने घाम गाळतात त्यांचा पॉइंट का जावा?

मंगळवारातला

मला दोघांचंही पटत नाही. वातावरण सुधारायचं म्हणजे काय करायचं? दुपारी चारच्या उन्हात तापलेल्या पायऱ्यांवर माणसं दोन दोन तास आधी येऊन बसतात, टायब्रेकर म्हणजे पेनल्टी किकांवर निकाल लागायची वेळ आली की अख्खी गॅलरी एकदम गप होते, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून पोरं उभी राहतात, काही तर मैदानाकडं पाठच करतात, त्यांना किक बघवत नाही, समोरच्या गॅलरीचा आवाज ऐकून कळतं काय झालं ते. हे भारतात किती ठिकाणी बघायला मिळतं सांगा. 1 जून 2018 ला मुंबईत अंधेरीला भारत विरुद्ध चायनीज तैपेई, कॅप्टन सुनील छेत्रीची हॅटट्रिक, पाच-शून्य, आणि मॅचला माणसं 2,569. देशाच्या टीमला! आपल्याकडं पेठेच्या मॅचला त्याच्या कितीतरी पट पब्लिक असतं. ईर्षा आहे म्हणून गर्दी आहे, ईर्षा काढायला गेला तर गर्दी पण जाईल. मारामारी वाईटच, ती करणाऱ्याला उचला, पण सगळ्यांना शिस्तीत बसवायच्या भानगडीत पडू नका.

अंधेरी_पश्चिम

त्या मॅचचा आकडा बरोबर आहे पण पुढची गोष्ट राहिली. दुसऱ्या दिवशी छेत्रीनं व्हिडिओ टाकून हात जोडले, आम्हाला शिव्या द्या, टीका करा पण स्टेडियमवर या, आणि 4 जूनला केनियाविरुद्ध तेच मैदान फुल्ल, तिकिटं संपली. मारामारीची ईर्षा नव्हती तिथं, तरी आवाज कानठळ्या बसवणारा होता. गर्दीला कुणीतरी आपलं म्हणून हाक मारली की ती येते, त्यासाठी समोरच्या पेठेला शिव्या द्यायलाच पाहिजेत असं काही नाही.

राजारामपुरीतून

इथं सगळे गॅलरीतल्या पोरांबद्दल बोलताय, जी गॅलरीत येतच नाहीत त्यांच्याबद्दल कुणी बोलणार का? माझे वडील, काका, भाऊ सगळे फुटबॉलवेडे, घरात जेवताना ऑफसाइडवरून भांडणं होतात, वर्ल्डकपला आमच्या गल्लीत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे एवढाले झेंडे लागतात. आणि मी मॅच बघते मोबाईलवर. गेले होते मी भावाबरोबर, पहिला हाफ कसाबसा काढला. मागून ज्या घोषणा चालल्या होत्या त्या मी इथं लिहू शकत नाही, भाऊ बिचारा मॅच बघायची सोडून माझ्याकडंच बघत होता, शेवटी तोच म्हणाला चल घरी. मंगळवारातला, तुम्ही म्हणता ती ईर्षा मला पण आवडते हो, पण त्या ईर्षेत मला जागा नाही. बायकांना, लहान पोरांना घेऊन येणाऱ्यांना एक गॅलरी द्या, वेगळं गेट, स्वच्छ टॉयलेट, आणि ती कोपऱ्यात नको, मधोमध द्या. ज्या पोरांच्या आया-बहिणी समोर बसल्यात ती पोरं तोंड उघडताना विचार करतील.

मंगळवारातला

ताई, तुमच्या गॅलरीला माझा पूर्ण पाठिंबा, याबद्दल वादच नाही. माझा विरोध पॉइंट कापायला आहे.

डॉर्टमुंडकर

मूळचा सांगलीचा, सध्या जर्मनीत डॉर्टमुंडला. इथल्या क्लबच्या स्टेडियमची दक्षिण गॅलरी जगात प्रसिद्ध आहे, जवळजवळ 25,000 माणसं उभी राहून मॅच बघतात. पुढं एक माणूस भोंगा घेऊन मैदानाकडं पाठ करून उभा असतो, त्याला मॅच दिसतच नाही, तो फक्त गॅलरीकडं बघत गाणं कधी उचलायचं, ढोल कधी थांबवायचा हे ठरवतो. त्याचं सगळे ऐकतात कारण तो त्यांच्यातलाच आहे, क्लबनं नेमलेला नाही. शिवाय शहर, राज्य आणि फुटबॉल संघटना मिळून पैसे घालतात आणि फॅन पोरांसोबत काम करणारे समाजसेवक ठेवतात, ते वर्षभर त्या पोरांबरोबर असतात. त्यामुळं पेठेतला_प्रेक्षक यांचं तालमीचं म्हणणं मला बरोबर वाटतं, जर्मनीत जे मुद्दाम उभं करावं लागलं ते कोल्हापुरात आयतं आहे.

लाइनच्या_बाहेर

डॉर्टमुंडचं पुढचं पण सांगा की. फेब्रुवारी 2017 मध्ये त्यांच्याच लोकांनी लाइपझिगच्या प्रेक्षकांवर दगड-बाटल्या फेकल्या, त्यात बायका-पोरं होती. मग काय झालं, तीच गॅलरी एका मॅचसाठी पूर्ण बंद केली आणि वर एक लाख युरो दंड. म्हणजे आतला माणूस, समाजसेवक सगळं असून शेवटी बाहेरून दंडुका आलाच.

आणि आपल्याकडं कोलकात्याचं लक्षात ठेवा. 16 ऑगस्ट 1980, ईडन गार्डन्स, मोहन बागान-ईस्ट बंगाल, गॅलरीत मारामारी आणि चेंगराचेंगरी, 16 माणसं घरी परत गेली नाहीत. सगळी मॅच बघायलाच आली होती. आपण ईर्षा ईर्षा म्हणून कौतुक करतोय, उद्या त्या पायऱ्यांवर पळापळ झाली तर कोण जबाबदार?

पेठेतला_प्रेक्षक

लाइनच्या_बाहेर, तुमची भीती खरी आहे आणि तीच मला पण आहे. पण डॉर्टमुंडला गॅलरी बंद केली म्हणजे शिक्षा कुणाला झाली? सगळ्या गॅलरीलाच ना, एकेकट्या माणसाला नाही. मी तेच म्हणतोय. तुम्ही एकट्याला पकडा म्हणता, पकडा, पण त्या पोराला दुसऱ्या दिवशी चौकात हिरो करतात त्याचं काय? तो हिरो होणं पॉइंट गेला तरच थांबणार.

शिट्टीवाला

मैदानावर शिट्टी वाजवलीय म्हणून बोलतो. पॉइंट कापायचा नियम कागदावर चांगला दिसतो पण सामना दोन-शून्य असताना हरणाऱ्याच्या बाजूनं बाटल्या यायला लागल्या तर? त्यांना तर मॅच थांबलेलीच हवी असते. आणि समोरच्यांची दोन पोरं तुमच्या गॅलरीत घुसून बाटली टाकून गेली तर पॉइंट कुणाचा कापायचा? रेफ्रीला पाठीमागं डोळे नसतात. वर्णद्वेषी घोषणांसाठी फिफाची तीन पायऱ्यांची पद्धत आहे, तीच इथं वापरा, आधी खेळ थांबवून माईकवर सूचना, तरी नाही ऐकलं तर दोन्ही टीम आत, तरीही नाही तर मॅच रद्द. आपल्याकडं पहिली पायरीच नीट वापरत नाहीत. मॅच थांबवा, कॅप्टनला गॅलरीपाशी पाठवा, त्यालाच माईक द्या. प्लेअर स्वतः हात जोडून म्हणाला की पब्लिक गप बसते, हे मी बघितलंय, आणि तिथं पोलीस गेला की उलट पेटतं.

मंगळवारातला

हे मात्र आवडलं. कॅप्टनचं आमची पोरं ऐकतील. फक्त परदेशी प्लेअरला कॅप्टन करू नका म्हणजे झालं, त्याला मराठी कुठं येतंय.

पेठेतला_प्रेक्षक

शिट्टीवाला, घुसखोरीचा मुद्दा खरा, म्हणून तर गॅलरी ठरवून द्या आणि गेटवर तालमीचाच माणूस ठेवा म्हणतोय, त्याला अनोळखी चेहरा लगेच कळतो. पहिली चूक झाली की कॅप्टन आणि माईक, त्याच सीझनला दुसरी झाली की पॉइंट. असं चालेल का?

लाइनच्या_बाहेर

गेटवर तालमीच्या माणसाबरोबर एक पोलीस आणि वर कॅमेरा असेल तर चालेल. नुसता तालमीचा असेल तर माझा विरोध कायम.

राजारामपुरीतून

आणि आमची गॅलरी मधोमध, हे त्यात लिहून घ्या. पुढच्या सीझनला नको, याच सीझनला.