पाढे, गोष्टी आणि जुना एमपीथ्री प्लेअर : मोबाईलपेक्षा बरा, की नुसतं आपल्या मनाचं समाधान?

चेंबूरची_आई

मुलगी तिसरीत, इंग्रजी माध्यमात. घरी आम्ही मराठीच बोलतो, पण भाजीवाला "एकोणसाठ" म्हणाला की ही माझा पदर ओढते, "आई, फिफ्टी नाईन की सिक्स्टी नाईन?" शाळेत मराठी विषय आहे, २०२० च्या कायद्याने तो सगळ्यांनाच आहे, पण आठवड्यातल्या त्या तासांनी कान तयार होत नाही.

दिवाळीच्या साफसफाईत नवऱ्याचा कॉलेजातला एमपीथ्री प्लेअर सापडला. ४ जीबी, अंगठ्याएवढा पडदा, ना नेट ना व्हिडिओ. बॅटरी फुगली होती, ती लॅमिंग्टन रोडवर बदलून घेतली. (फुगलेली बॅटरी तशीच चार्जिंगला लावू नका, आणि घरी उचकटूही नका.)

मग त्यात काय भरायचं? २ ते २० पाढे मी स्वतः म्हटले, फोनवर रेकॉर्ड केले आणि चढवले. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, जुने अंक त्यांनी नेटवर फुकट ठेवलेत. त्यातल्या गोष्टी नवरा रात्री जेवण झाल्यावर वाचतो, तेही रेकॉर्ड होतं. नुसतं बोलणं असेल तर ६४ केबीपीएस (रेकॉर्डिंगचा दर्जा) पुरतं, मिनिटाला जेमतेम अर्धा एमबी. म्हणजे ४ जीबीत सव्वाशे तासांहून जास्त मावतं. आमचे आत्ता कुठे नऊ झालेत.

माझं मत सरळ आहे. ही वस्तू चांगली, कारण ती संपते. मी घातलं तेवढंच त्यात आहे. मोबाईलवर पाढे लावून मी पोळ्या लाटायला जाते, आणि परत येते तेव्हा कुणीतरी परदेशी पोरगा खेळण्यांची खोकी फोडत असतो. वीस हजारांचा टॅब घेण्याआधी घरातले खण उघडून बघा.

कांदिवली_ईस्ट

ताई, यासाठी वेगळं यंत्र कशाला? जुना फोन घ्या, सिम काढा, वायफायचा पासवर्ड देऊ नका. झाला तुमचा प्लेअर, वर आवाजही चांगला. दोन हजार पाचच्या आठवणींत रमून मुलं शिकत नाहीत. ॲपलने स्वतःचा आयपॉड २००१ मध्ये आणला आणि २०२२ मध्ये बंद केला, जग पुढे गेलंय.

चेंबूरची_आई

@कांदिवली_ईस्ट तोही प्रयोग झाला. वायफायचा पासवर्ड तिने आजोबांकडून काढून घेतला. आजोबांना ती कशासाठी मागतेय हेही कळलं नाही. आठ वर्षांची आहे हो, आपल्यापेक्षा हुशार!

निवृत्त_मास्तर

परळच्या पालिका शाळेत तीस वर्षं शिकवलं, म्हणून बोलतो. ऐकणं म्हणजे शिकणं नव्हे.

आमच्या लहानपणी तिन्हीसांजेला दिवा लागला की शुभंकरोति आणि मग परवचा. पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, म्हणजे पाव-अर्ध्याचेही पाढे, सगळं. पण समोर आजोबा बसलेले असायचे. चुकलं की हाताचा अडकित्ता थांबायचा. तो थांबला की आम्हालाच कळायचं कुठे घसरलो ते. तुमचं यंत्र म्हणून दाखवतं, पण ऐकून कुठे घेतं? मुलगी "सतरा नव्वे एकशे बावन्न" म्हणाली तरी ते आपलं पुढे चालूच.

एक करा. तिला मधूनच विचारा, सोळा साते किती? आणि उत्तर पाटीवर लिहायला सांगा. मग इथे येऊन सांगा.

कानाला_खडा

मी श्रवणतपासणीच्या क्षेत्रात काम करते, म्हणून एकच मुद्दा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये अशा उपकरणांसाठी जे मानक केलं, त्यात मुलांसाठी मर्यादा ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी आहे. मोठ्यांसाठी ८०. आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. ७८ ला २० तास, ८१ ला १०. जुन्या प्लेअरमध्ये आवाजाला बहुधा लगाम नसतो. खिडकीखाली बेस्टची बस उभी राहिली की मूल बटण दाबून आवाज वर नेतं, बस गेल्यावर खाली कुणी आणत नाही. त्यामुळे इअरफोन नकोच. छोटा स्पीकर जोडा.

चेंबूरची_आई

@कानाला_खडा आमच्याकडे स्पीकरच आहे, इअरफोन पहिल्याच दिवशी कपाटात गेले.

दहा_बाय_बारा

"छोटा स्पीकर जोडा." वा! टू बीएचकेतून सल्ला देणं सोपं असतं.

लालबागला चाळीत राहतो. एक खोली, आत मोरी, पाच माणसं. बाबा नाइट करून आलेले, दुपारी झोपतात. ताई दहावीला. संध्याकाळी आजीची मालिका, तिला हात लावायची कुणाची टाप नाही. माझ्या भाच्याने पाढे स्पीकरवर लावायचे कधी, पहाटे चारला? आमच्यासारख्या घरात असल्या प्लेअरचा फायदा एकच, तो कानात घालता येतो. इअरफोन घातला की त्याला खोलीतल्या खोलीत वेगळी खोली मिळते. ती काढून घेतलीत तर उरलं काय?

टॅबवाल्यांनाही सांगतो, साथीच्या दोन वर्षांत घरात एकच फोन होता आणि तो बाबांबरोबर कामाला जायचा. तेव्हा भाच्याच्या बाईंनी व्हॉट्सॲपवर आवाजातले धडे पाठवले होते. रात्री फोन घरी आला की तो ऐकायचा. व्हिडिओचा वर्ग त्याने एकही पाहिला नाही, धडे मात्र अजून पाठ आहेत.

कानाला_खडा

@दहा_बाय_बारा हे मी लिहिताना डोक्यात आलं नव्हतं, खरं आहे. मग निदान एवढं करा. खोली शांत असताना तुम्ही स्वतः आवाज ठरवा आणि पडद्यावर आवाजाची रेघ जिथे येते तिथे बारीक चिकटपट्टी लावा. इअरफोन घातलेला असताना हातभर अंतरावरून साध्या आवाजात हाक मारली तर त्याला ऐकू आली पाहिजे. आली नाही तर आवाज जास्त आहे असं समजा.

मुलुंडकर

फाईलींना ०१, ०२ अशी नावं द्या. तरीही स्वस्तातले बरेच प्लेअर नावाप्रमाणे वाजवत नाहीत, ज्या क्रमाने चढवलं त्या क्रमाने वाजवतात. म्हणून एकेक करून चढवा. आणि 'ए-बी रिपीट' असेल तर वापरा. सुरुवात आणि शेवट दाबून ठरवला की तेवढाच तुकडा फिरत राहतो. उच्चारासाठी याच्याइतकी कामाची सोय दुसरी नाही. बाकी तुमचं चालू द्या.

कांदिवली_ईस्ट

मुळात "एकोणसाठ" हाच त्रास आहे ना? २०१९ ला दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" आलं तेव्हा केवढा गहजब केला आपण, विधानसभेपर्यंत. गणिताच्या पुस्तकाच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर सांगत होत्या की या जोडाक्षरांपाशी मुलं अडखळतात. "नव्वद तीन" ठेवलं असतं तर ना प्लेअर लागला असता ना हा धागा.

निवृत्त_मास्तर

@कांदिवली_ईस्ट त्यावेळी मीही तावातावाने विरोधात बोललो होतो. पण वर्गात उभं राहून सांगतो, "त्र्याण्णव" लिहा म्हटलं की निम्मा वर्ग ३९ लिहायचा. आपण तीन आधी बोलतो आणि नऊ आधी लिहितो. बाईंचं निदान चुकलं नव्हतं. पण बाजारात, बँकेत, घरी सगळे त्र्याण्णवच म्हणणार असतील तर मुलाच्या कानावर ते पडायलाच हवं. म्हणजे इथे मी चेंबूरच्या ताईंच्या बाजूने जातोय असं दिसतंय. ते असो. सोळा सातेचं काय झालं?

चेंबूरची_आई

विचारलं, सर. आज संध्याकाळी.

आधी तर तिने "सोळा एके सोळा"पासून सुरुवात केली. थांबवलं तर रडवेली झाली, "मधून येत नाही गं." मग म्हणू दिलं. घडाघडा आली, "सोळा साते बारोदरसे." मी खूश. पाटी दिली. तिने लिहिलं १२००.

"बारोदरसे" म्हणजे एकशे बारा हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. मला ते माझ्या आजीच्या परवच्यातून आलेलं, मी तसंच म्हणून रेकॉर्ड केलं. दोन महिने ती रोज तो शब्द म्हणतेय, अर्थ माहीत नसताना. त्यामुळे अर्धा मुद्दा तुमचा. अर्धा मी सोडत नाही, कारण एकोणसाठ आणि एकोणसत्तर आता ती चुकत नाही. ते नुसतं ऐकूनच आलंय.

पाढे परत रेकॉर्ड करतेय. "सोळा साते", मग चार सेकंद रिकामी जागा तिने उत्तर द्यायला, मग "एकशे बारा". आणि वेगळ्या फाईलमध्ये उलटसुलट विचारलेले.

निवृत्त_मास्तर

रिकामी जागा उत्तम. उलटसुलटही उत्तम. पण बारोदरसे काढू नका हो! सोळा साते एकशे बारा, याला काही ठेका आहे का? ठेका गेला की पाढा राहील कसा लक्षात?

चेंबूरची_आई

सर, परवा तुम्हीच म्हणालात, ऐकणं म्हणजे शिकणं नव्हे.

दहा_बाय_बारा

दोन्ही रेकॉर्ड करा आणि मला पाठवा. भाचा पहाटे चारला ऐकेल.